काहीच मोडलेलं नसतं तेव्हा

सॉफ्टवेअरच्या धंद्यात चार वर्षं काढली की एक गोष्ट कळते. बंद पडलेला प्रोग्रॅम परवडला, पण हळूहळू मंदावणारा नको. बंद पडलेला निदान सांगून तरी जातो. लाल अक्षरांत एरर येते, कुठल्या ओळीवर अडलं ते दिसतं, आणि ती ओळ कोणी लिहिली हेही दोन क्लिकमध्ये समजतं. मंदावणारा प्रोग्रॅम यातलं काहीच देत नाही. तो चालू असतो. जे करतोय ते बरोबरच करत असतो. फक्त तेच काम करायला त्याला रात्री दहा वाजता दोन सेकंद लागत असतात आणि रात्री दोन वाजता सहा.

माझ्या कामाचा मोठा भाग म्हणजे एका डेटाबेसमधल्या नोंदी दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेऊन ठेवणं. ऐकायला हमालीसारखं वाटतं, आणि बऱ्याच अंशी आहेही. एखादी कंपनी जुनी सिस्टिम टाकून नवी घेते, एखादं हॉस्पिटल पेशंटांच्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवतं, दोन बँका एक होतात. १ एप्रिल २०२० ला देशातल्या दहा सरकारी बँकांच्या मिळून चार बँका झाल्या. बातमीत ते एक वाक्य होतं. त्या वाक्यामागे कोट्यवधी खात्यांच्या नोंदी इकडच्या तिकडे करणारी माणसं होती, आणि त्यांच्या स्क्रीनवर सरकणाऱ्या आकड्यांच्या ओळी.

अशा कामात वेग हळूहळू का घटतो, हे शोधणं हा तांत्रिक प्रश्न आहे. पण तो शोधता शोधता मला सारखा दुसराच एक प्रश्न पडत आला आहे, आणि तो नैतिक आहे. प्रत्येक पायरी बरोबर असूनही एखादी गोष्ट बिघडत जाते, तेव्हा दोष या शब्दाला काय अर्थ उरतो? आणि तो दोष आपण नेहमी चुकीच्याच माणसाच्या दारात का नेऊन ठेवतो?

रंगाचा डबा

आधी एक हिशोब करू. समजा एक कोटी नोंदी न्यायच्या आहेत. सगळ्या एकदम उचलता येत नाहीत, म्हणून हजार-हजारांच्या खेपा करायच्या. आम्ही त्याला बॅच म्हणतो. म्हणजे दहा हजार खेपा. पहिल्या खेपेला प्रोग्रॅम डेटाबेसला सांगतो, पहिल्या हजार नोंदी दे. दुसऱ्या खेपेला सांगतो, पहिल्या हजार सोड आणि पुढच्या हजार दे. असं करत करत पाच हजाराव्या खेपेला तो म्हणतो, पहिल्या ४९ लाख ९९ हजार सोड आणि पुढच्या हजार दे.

मेख त्या 'सोड' शब्दात आहे. आपल्याला वाटतं, सोडणं म्हणजे उडी मारणं. डेटाबेसला अशी उडी मारता येत नाही. किती सोडल्या हे कळायला त्याला त्या एकेक करून वाचाव्या लागतात, मोजाव्या लागतात आणि मग टाकून द्याव्या लागतात. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसच्या मॅन्युअलमध्ये ही सूचना साध्या शब्दांत दिलेली आहे. म्हणजे पाच हजाराव्या खेपेत हजार नोंदी मिळवायला पन्नास लाख वाचल्या जातात. सगळ्या खेपांची बेरीज केली तर एक कोटी नोंदी नेण्यासाठी सुमारे ५००० कोटी नोंदी वाचून होतात.

जोएल स्पोल्स्की नावाच्या प्रोग्रॅमरने २००१ साली लिहिलेल्या एका लेखात हीच गोष्ट समजावायला एका रंगाऱ्याचा जुना विनोद वापरला होता. या रंगाऱ्याला रस्त्यावरचे पांढरे पट्टे मारायचं काम मिळतं. पहिल्या दिवशी तो भरपूर पट्टे मारतो आणि मालक खूश होतो. दुसऱ्या दिवशी निम्मेच होतात. तिसऱ्या दिवशी अगदी थोडे. मालक वैतागतो, तेव्हा रंगारी म्हणतो, मी काय करू, रोज रंगाचा डबा लांब लांब जातोय!

आपण हसतो, कारण डबा उचलून बरोबर न्यायचं त्याला सुचत नाही. वरच्या हिशोबातला उपायही तेवढाच आहे. किती सोडायच्या हे सांगण्याऐवजी शेवटी पाहिलेल्या नोंदीचा क्रमांक लक्षात ठेवायचा आणि म्हणायचं, याच्या पुढच्या हजार दे. क्रमांकावर इंडेक्स असतोच, त्यामुळे डेटाबेस थेट तिथे पोहोचतो.

पण विनोदातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तिसऱ्या दिवशी रंगारी आळशी झालेला नव्हता. तो पहिल्या दिवसापेक्षा जास्त चालला होता. त्याच्या कष्टांत वाढच झाली होती. कमी झाले होते ते फक्त मालकाला मोजता येणारे पट्टे.

या प्रकारच्या मंदावण्याचा अजून एक गुण आहे. तो अंदाज बांधणाऱ्याला फसवतो. निम्म्या नोंदी दोन तासांत गेल्या म्हणजे उरलेल्या दोन तासांत जातील, असं कोणीही म्हणेल. पण प्रत्येक खेप आधीच्या खेपेपेक्षा ठरावीक प्रमाणात जड होत असेल, तर निम्मं काम होतं तेव्हा एकूण वेळेचा जेमतेम चौथा भाग गेलेला असतो. उरलेल्या निम्म्याला सहा तास लागतात. आपलं मन सरळ रेघेत विचार करतं. हळूहळू चढणाऱ्या गोष्टींपुढे ते दर वेळी हरतं.

पावणेदोनचा रिपोर्ट

दीडेक वर्षापूर्वी अशाच एका कामात आमची टीम होती. नाव-गाव सांगत नाही. एक कोटी नोंदी होत्या, रात्री दहाला सुरुवात झाली, खेपेला दोन सेकंद लागत होते. त्या हिशोबाने साडेतीनपर्यंत काम उरकायला हवं होतं. एका खेपेला सहा सेकंद लागले की सूचना यावी, असा अलार्म लावलेला होता. तो दोन वाजता वाजला. पाहिलं तर ७२ लाख नोंदी जायला हव्या होत्या, त्याऐवजी ३६ लाख गेल्या होत्या.

अशा वेळी मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कोणी काही बदललं का?" प्रश्न रास्तच आहे. पण त्यात एक गृहीतक दडलेलं असतं. काहीतरी बिघडलंय म्हणजे काहीतरी घडलंय, आणि घडलंय म्हणजे कोणीतरी केलंय. शोधल्यावर माणूस सापडतोच. त्या रात्री तो सापडला. क्लायंटच्या सपोर्ट टीममधला, कंत्राटावरचा एक मुलगा. पावणेदोनला त्याने जुन्या डेटाबेसवर एक रिपोर्ट काढला होता. रोज काढायचा तोच. पावणेदोनला रिपोर्ट आणि दोनला अलार्म, आता अजून काय पुरावा पाहिजे? सकाळी सातच्या आत त्याच्या वरिष्ठांकडून त्याला लेखी विचारणा गेली, की काम चालू असताना रिपोर्ट कोणाच्या परवानगीने काढला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, असं आपण म्हणतो. पण म्हण तिथेच थांबते. फांदीला वाळवी कधीपासून लागली होती, हे विचारायला कोणी झाडाजवळ जात नाही.

झाडाजवळ जायचं म्हणजे काय, तर लॉग उघडायचा. प्रत्येक खेपेला किती वेळ लागला, याची नोंद त्यात होती. दहा वाजता दोन सेकंद. अकराला साडेतीन. बाराला साडेचार. एकला सव्वापाच. दोनला सहा. खेपेच्या क्रमांकाप्रमाणे हे आकडे मांडले तर अगदी पट्टीने आखल्यासारखी चढती रेघ. पावणेदोनपाशी त्या रेघेत साधा खड्डासुद्धा नाही. दोन वाजता काहीच घडलं नव्हतं. दोन वाजता फक्त रेघेने सहाचा आकडा ओलांडला होता, आणि तो आकडा आम्हीच ठरवलेला होता. आम्ही पाच सेकंद ठरवले असते तर अलार्म एकच्या आधी वाजला असता, आणि त्या वेळी सिस्टिमवर जो कोणी असेल त्याला पत्र गेलं असतं.

इसवीसनापूर्वीच्या चौथ्या शतकात मिलेटसच्या युबुलिडीसच्या नावावर एक कोडं सांगितलं जातं. धान्याची रास आहे. एक दाणा काढला तर ती रासच राहते. आणखी एक काढला तरी रासच. मग कुठल्या दाण्याला रास संपते? दोन हजारांहून जास्त वर्षं लोक यावर डोकं चालवत आहेत. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ते गमतीचं वाटतं. अलार्म वाजलेल्या रात्री वाटत नाही, कारण तिथे कोणता तरी एक दाणा दाखवावाच लागतो. रेघ कुठे आखायची हे आपण ठरवतो आणि रेघेवर उभ्या असलेल्या माणसाला पकडतो.

दहावा

मंदावण्याचं कारण शोधायच्या पद्धतीत मला एक सभ्यता दिसते, म्हणून ती थोडक्यात सांगते.

सरासरीवर विश्वास ठेवायचा नाही. खेपेगणिक वेळ मांडायचा आणि आकार बघायचा. रेघ पहिल्यापासून आडवी असेल तर काम मुळातच मंद आहे, ते मंदावत नाहीये. रेघ एकसारखी चढत असेल तर प्रत्येक खेप आधीच्या सगळ्या खेपांचं काहीतरी ओझं वाहतेय. बराच वेळ आडवी राहून मग एकदम वळली असेल, तर काहीतरी मेमरीत मावत होतं ते मावेनासं झालं. करवतीच्या दातांसारखी असेल तर मधेमधे कोणीतरी साफसफाईला येतंय.

मग काम तोडायचं. नुसतं वाचून बघायचं, लिहायचं नाही. नुसतं लिहून बघायचं, खोट्या नोंदी वापरून. कुठला अर्धा भाग मंदावतो ते कळतं.

आणि मग सगळ्यात उपयोगी चाचणी. काम मधेच थांबवायचं, प्रोग्रॅम पूर्ण बंद करायचा, आणि जिथे होतो तिथूनच नव्याने सुरू करायचा. तरीही मंदच चालला तर ओझं डेटाबेसमध्ये आहे, किंवा वर सांगितलेल्या 'सोड'मध्ये. एकदम पहिल्यासारखा पळायला लागला तर ओझं प्रोग्रॅमच्या स्वतःच्या पोटात आहे.

त्या रात्रीचं काम ३६ लाखांपासून नव्याने सुरू केलं, तेव्हा खेपेला पुन्हा दोन सेकंद लागले. म्हणजे जुना डेटाबेस ठीक, नवा ठीक, नेटवर्क ठीक. वेदान्तात दहा जणांची गोष्ट सांगतात. दहा जण नदी पार करतात, पलीकडे जाऊन एकेक जण मोजतो, आणि प्रत्येकाची मोजणी नऊच भरते. एक बुडाला म्हणून सगळे रडायला लागतात. वाटेने जाणारा एक जण सांगतो, अरे, दहावा तूच आहेस. आम्ही दोन्ही किनारे तपासत होतो आणि नावेकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

प्रोग्रॅम ज्या लायब्ररीतून नोंदी लिहीत होता, तिची सवय अशी, की हातातून गेलेली प्रत्येक नोंद ती स्वतःजवळ जपून ठेवते. नंतर तुम्ही तिच्यात काही बदल केलात तर तिला कळायला हवं, म्हणून. आणि प्रत्येक वेळी डेटाबेसमध्ये लिहिण्याआधी जपून ठेवलेली एकूण एक नोंद तपासते, हिच्यात काही बदललंय का? वेबसाइटवर दहा-वीस नोंदी हाताळताना ही सवय सोयीची आहे. ३६ लाखांवर तीच सवय जीव घेते. हायबरनेट नावाच्या प्रसिद्ध लायब्ररीच्या मॅन्युअलमध्ये मोठ्या कामासाठी स्पष्ट सल्ला आहे, की ठरावीक नोंदींनंतर जवळचं सगळं लिहून टाका आणि रिकामे व्हा. हे प्रत्येक खेपेनंतर केलं आणि रेघ आडवी झाली.

सकाळच्या अहवालाचं पहिलं वाक्य मी असं लिहिलं, की पावणेदोनच्या रिपोर्टचा याच्याशी संबंध नाही. कारण, उपाय, आकडे, सगळं त्याच्याखाली. त्या मुलाला गेलेलं पत्र मागे घेतलं गेलं की नाही, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. प्रोग्रॅम दुरुस्त झाला होता, त्यामुळे विषय संपला होता.

'दोनच मिनिटं'

तेव्हापासून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. गोष्ट अचानक बिघडली तर विचारायचं, काय मोडलं? हळूहळू बिघडत गेली तर हा प्रश्न विचारायचा नाही. विचारायचं, काय वाढतंय?

फरक शब्दांचा वाटेल, पण तो उत्तर कुठे शोधायचं ते ठरवतो. 'काय मोडलं' विचारलं की नजर शेवटच्या क्षणाकडे आणि शेवटच्या माणसाकडे जाते. 'काय वाढतंय' विचारलं की नजर पहिल्या दिवसापासूनच्या रेघेकडे जाते. आणि हे कॉम्प्युटरपुरतं राहत नाही.

आमच्याच टीममधली एक सीनियर मैत्रीण. सात वर्षं एकाच टीममध्ये. पहिली काही वर्षं तिचा कामाचा उरक असा, की नवीन आलेल्यांना तिचं उदाहरण द्यायचे. मग तो हळूहळू कमी होत गेला. तिमाहीला किती कामं पूर्ण झाली, त्याचा तक्ता असतो. त्यात तिची रेघ उतरत होती. अप्रेझलला मॅनेजरने तिला आपुलकीने विचारलं, "तुझं सगळं ठीक आहे ना? घरी काही प्रॉब्लेम?" त्यांचा हेतू चांगला होता. पण हा 'काय मोडलं'चाच प्रश्न होता, फक्त मऊ आवाजात. वाईट असं, की ती स्वतःही तोच विचारत होती. आपल्यातलंच काहीतरी संपलं, आता पूर्वीसारखं डोकं चालत नाही, असं तिला मनापासून वाटायला लागलं होतं. नोकरी सोडायचा विचार पक्का होत होता.

मग तिने दोन आठवडे एक साधी यादी केली. दिवसभरात कोण काय विचारायला आलं त्याची. २०१९ मध्ये हा कॉलम का घातला होता? हा क्लायंट वेगळ्या पद्धतीने बिल का मागतो? हा कोड काढून टाकला तर चालेल ना? प्रत्येकाची सुरुवात एकच, "दोनच मिनिटं आहेत का?" आणि प्रत्येक जण खरंच दोन मिनिटांतच जायचा. यादी काही पानं झाली. दर वर्षी सिस्टिमचा एखादा नवा भाग यायचा, जुना कुठलाच जायचा नाही, आणि ज्यांनी जुने भाग बांधले ते एकेक करून दुसरीकडे गेले होते. उरलेलं सगळं तिच्याकडे साठत होतं. नवीन काम हातात घेतलं, की त्याच्या आधी सात वर्षांचं एकेक दार ठोठावून कोणीतरी यायचं. रंगारी जास्तच चालत होता.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. सगळं जर 'वाढण्या'वर ढकललं तर जबाबदार कोणीच नाही, असंच होत नाही का? प्रत्येक जण म्हणेल, मी तर दोनच मिनिटं घेतली.

डेरेक पार्फिट या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या पुस्तकात या आक्षेपासाठी एक भयंकर उदाहरण रचलं आहे. हजार छळ करणारे आहेत आणि हजार कैदी. प्रत्येक कैद्याला एक यंत्र जोडलेलं आहे. यंत्राचा खटका एकदा फिरवला तर वेदनेत पडणारा फरक इतका सूक्ष्म, की कैद्याला जाणवतसुद्धा नाही. हजारदा फिरला की वेदना असह्य होते. पूर्वी प्रत्येक छळ करणारा एकाच कैद्याचा खटका हजारदा फिरवायचा. ते क्रूर आहे, यात वाद नाही. आता ते पद्धत बदलतात. प्रत्येक जण एक बटण दाबतो आणि हजारही कैद्यांचे खटके एकेकदाच फिरतात. कैद्यांच्या वाट्याला आलेली वेदना तीच. पण आता प्रत्येक जण म्हणू शकतो, माझ्यामुळे कुणालाच जाणवेल इतकाही फरक पडला नाही.

पार्फिटचं म्हणणं असं, की हे छळ करणारे निर्दोष ठरत नाहीत. माझ्या एकट्याच्या कृतीने काय झालं, एवढंच विचारणं हीच हिशोबातली चूक आहे. आम्ही सगळे मिळून काय करतोय, हेही विचारावं लागतं.

ऑफिसमधली दोन मिनिटं म्हणजे छळ नव्हे, आणि कोणी तसं मानूही नये. पण हिशोबाची चूक तीच आहे. 'काय वाढतंय' हा प्रश्न जबाबदारी पुसून टाकत नाही, ती पसरवतो. ज्या मुलावर ती चुकून एकवटली होती त्याच्यावरून ती उचलतो, आणि ज्यांनी रेघ बघायला हवी होती त्या सगळ्यांवर थोडी थोडी ठेवतो. मी लिहिलेली एकही ओळ चूक नव्हती, हे उत्तर मग पुरत नाही. प्रत्येक ओळ बरोबर असूनही ओझं साठतं, हे ज्याला ठाऊक आहे, त्याने अधूनमधून मोजलं पाहिजे. अलार्म वाजेपर्यंत थांबणं म्हणजे शेवटी कोणीतरी त्या रेघेवर सापडेल याची वाट बघणं.

अजून एक पळवाट आहे, तीही नोंदवते. त्या रात्री कोणीतरी सुचवलं होतं, की दर दोन तासांनी प्रोग्रॅम बंद करून चालू करू. ते चाललं असतं. रीस्टार्ट ही चाचणी म्हणून उत्तम गोष्ट आहे. उपाय म्हणून वापरली, की काय वाढत होतं हे कधीच कळत नाही. माणसांच्या बाबतीत आपण हेच जास्त करतो. चार दिवस सुट्टी घे, फिरून ये, फ्रेश होशील. माणूस गोव्याला जाऊन येतो, दोन आठवडे बरे जातात, आणि रेघ पुन्हा चढायला लागते.

ओझं कोणासाठी

मग काय, साठू द्यायचंच नाही? सगळं वेळच्या वेळी रिकामं करायचं? प्रोग्रॅमच्या बाबतीत उत्तर हो होतं. पण सगळंच साठणं सारखं नसतं, आणि हेही मला डेटाबेसनेच शिकवलं.

नव्या डेटाबेसमध्ये नोंदी लिहिताना वेग घटण्याचं एक वेगळंच कारण असतं, ते म्हणजे इंडेक्स. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते तसा. कुठली नोंद कुठे आहे हे पटकन सापडावं म्हणून डेटाबेस तो बाळगतो. आजही बहुतेक डेटाबेस त्यासाठी जी रचना वापरतात, ती बी-ट्री, रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्रेट यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडली. प्रत्येक नवी नोंद आली की तिची जागा इंडेक्समध्येही करावी लागते. इंडेक्स वाढत जातो. तो मेमरीत मावेनासा झाला आणि नोंदी क्रमाने न येता कशाही येत असतील, तर प्रत्येक नोंदीसाठी डिस्कवर चकरा सुरू होतात आणि लिहिण्याचा वेग कोसळतो. म्हणून मोठ्या कामात आधी नोंदी भरून घ्यायच्या आणि इंडेक्स नंतर बांधायचा, असा सल्ला देतात.

पण इंडेक्स नकोच, असं कोणी म्हणत नाही. लिहिताना तो भार असतो, कारण उद्या कोणीतरी शोधायला येणार आहे. बँकेच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाचं खातं एक कोटींमधून क्षणात सापडतं, ते रात्री कोणीतरी हा भार वाहिला म्हणून.

म्हणजे त्या लायब्ररीने जपलेल्या ३६ लाख नोंदी आणि हा इंडेक्स, दोन्ही ओझीच. दोन्हींमुळे काम मंदावतं. पण पहिलं ओझं कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं. त्या नोंदी लिहून झाल्या होत्या, त्यांच्याकडे पुन्हा कोणी बघणार नव्हतं, निव्वळ सवयीने त्या धरून ठेवल्या होत्या. दुसऱ्या ओझ्याने एकाला हळू केलं आणि बाकी सगळ्यांना जलद केलं.

माझ्या मैत्रिणीच्या बाबतीत मला हे फार उशिरा नीट मांडता आलं. ती आमच्या टीमचा इंडेक्स होती. नवीन मुलगा जे दोन दिवस शोधत बसला असता, ते तिच्यामुळे दोन मिनिटांत सापडायचं. तक्त्यात त्या मुलाचं काम लवकर पूर्ण झालेलं दिसायचं आणि तिचं उशिरा. आम्ही लिहिण्याचा खर्च मोजत होतो आणि वाचण्यातली बचत दुसऱ्यांच्या नावावर जमा करत होतो. यादी समोर आल्यावर काही गोष्टी बदलल्या. दोन जुन्या सिस्टिम ती सांगेल तशा लिहून काढल्या आणि दुसऱ्यांकडे दिल्या. काही प्रश्न मात्र अजूनही तिच्याकडेच जातात, कारण ते तिच्याकडेच जायला हवेत. आता त्यांचा एक रकाना तक्त्यात आहे. ती अजून टीममध्ये आहे.

घरात, नात्यात, शिकण्यात, आपल्यापैकी प्रत्येकाला कधीतरी जाणवतं, की पूर्वी सहज व्हायचं ते आता होत नाही. पहिला विचार येतो, माझं काय बिघडलं? माणसाला प्रोग्रॅमसारखं रिकामं करता येत नाही, आणि केलं तर तो माणूस राहणार नाही. पण बिघाड शोधण्याआधी मोजून बघता येतं. मी काय काय वाहतेय, आणि त्यातलं कोणाच्या उपयोगाचं आहे? ज्याचं उत्तर 'कोणाच्याच नाही' असं येईल, ते खाली ठेवायचं. ज्याचं उत्तर नाव घेऊन देता येईल, ते वाहायचं, आणि ते वाहिलं जातंय हे त्या नावाच्या माणसाला कळू द्यायचं. उरलेल्या वेगाबद्दल मग फार वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.